तांब्याची केबल की फायबर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केबल टाकणे, जोडणे आणि बिघाड शोधणे या कामात जे प्रश्न सतत कानावर येतात ते इथे एकत्र केले आहेत. फायबरची बाजू आम्ही मनापासून घेतो. तांबे जिथे आजही सरस आहे तिथे तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले आहे.

फायबर म्हणजे नक्की काय असते?

अतिशय शुद्ध सिलिकाचा, म्हणजे काचेचा, बारीक धागा. मध्ये गाभा आणि त्याभोवती जरा वेगळ्या काचेचे वेष्टन, असे त्याचे दोन भाग. दोन्ही मिळून जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. लांब अंतराच्या फायबरमध्ये त्यातला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. वेष्टनाचा अपवर्तनांक गाभ्यापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो, त्यामुळे गाभ्यातला प्रकाश कडेला आला तरी बाहेर न पडता आतच राहतो. शाळेत शिकवतात ते पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच.

काचेवर प्लास्टिकचा लेप असतो, तो धरून जाडी २५० मायक्रॉन होते. बाहेरून दिसणाऱ्या जाडजूड काळ्या केबलमधला बाकी सगळा ऐवज संरक्षणासाठी आहे: ताण सोसणारे धागे, मधला दांडा, पाणी अडवणारी जेल किंवा टेप आणि वरचे जॅकेट. काम करणारी काच त्यात अगदी थोडी.

प्रकाश विजेपेक्षा वेगाने धावतो, म्हणून फायबर वेगवान. बरोबर ना?

नाही. हा समज इतका पसरला आहे की तो आधी दूर करणे भाग आहे. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे निर्वातातल्या वेगाच्या दोन तृतीयांश. चांगल्या लॅन केबलमधला विद्युत संकेतही साधारण त्याच वेगाने जातो. एक किलोमीटर फायबर ओलांडायला ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे १००० किलोमीटर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद, आणि त्याखाली कुठलीही महागडी उपकरणे नेऊ शकत नाहीत.

जुन्या टेलिफोनच्या तारांवरच्या डीएसएल इंटरनेटपेक्षा फायबरवर पिंग, म्हणजे संकेत जाऊन परत यायला लागणारा वेळ, कमी मिळतो हे खरे आहे. पण त्याचे कारण वेगळे. त्या तारांवर गोंगाट इतका असतो की चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून मोडेमला डेटाचे तुकडे थोपवून, मागेपुढे मिसळून पाठवावे लागतात. त्या थोपवण्यातच वेळ जातो. फायबरवर चुका इतक्या कमी की हा खटाटोप करावा लागत नाही.

मग फायबरचा खरा फायदा कोणता?

अंतर. बाकीचे बहुतेक फायदे यातूनच निघतात, म्हणून इथे थोडे आकडे पाहू.

संकेत किती क्षीण झाला हे डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये मोजतात. ३ डीबी घट म्हणजे शक्ती निम्मी, १० डीबी म्हणजे दहावा हिस्सा, २० डीबी म्हणजे शंभरावा. कॅट ५ई (कॅट म्हणजे केबलची श्रेणी) लॅन केबलला १०० मेगाहर्ट्झवर १०० मीटरमागे २२ डीबीपर्यंत घट मानकात मान्य आहे. म्हणजे १०० मीटर गेल्यावर मूळ शक्तीच्या एक टक्काही उरला नाही तरी ती केबल मानकाप्रमाणे योग्यच. आता फायबर घ्या. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला एका किलोमीटरमागे घट साधारण ०.२ डीबी. तेवढीच २२ डीबी घट व्हायला ११० किलोमीटर लागतात. एकीकडे १०० मीटर, दुसरीकडे ११० किलोमीटर. मध्ये एकही उपकरण नाही, वीज नाही, खांबावरची पेटी नाही.

तांब्याची अडचण एवढ्यावर संपत नाही. तांब्यात वारंवारिता वाढवत नेली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागापुरता आकसतो आणि घट वाढते. जास्त डेटा हवा तर वारंवारिता वाढवावी लागते, आणि ती वाढवली की अंतर कमी होते. म्हणून कॅट ६ वर १ जीबीपीएस (सेकंदाला एक अब्ज बिट) १०० मीटर जाते पण १० जीबीपीएस फार तर ५५ मीटर. कॅट ६ए वर १० जीबीपीएस पुन्हा १०० मीटर मिळते, आणि कॅट ८ वर ४० जीबीपीएस फक्त ३० मीटर. प्रत्येक पिढीत केबल जाड, कडक आणि महाग होत गेली, आणि अंतर १०० मीटरच्या पुढे काही गेले नाही.

टेलिफोनच्या तारांवर हेच जास्त ठळकपणे दिसायचे. एडीएसएल२+ या डीएसएल प्रकाराचा कमाल वेग २४ एमबीपीएस, पण तो एक्स्चेंजच्या जवळ राहणाऱ्याला. चार-पाच किलोमीटर लांब राहणाऱ्याला त्याच पैशांत एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी नशीब. फायबरने हा भेद पुसला. वीस किलोमीटरवरच्या घरालाही एक्स्चेंजशेजारच्या घराइतकाच वेग मिळतो, आणि माझ्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने फायबरचे सर्वांत मोठे देणे हेच आहे.

एका फायबरमधून डेटा किती जाऊ शकतो?

एकाच धाग्यातून वेगवेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश एकाच वेळी जाऊ शकतात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मोठ्या जाळ्यांमध्ये एका फायबरवर असे ८० ते ९६ प्रवाह सर्रास चालवतात.

समुद्राखालच्या केबलींचे उदाहरण घ्या. अटलांटिकखालची पहिली टेलिफोन केबल टॅट-१ ही १९५६ मध्ये सुरू झाली. ती तांब्याची होती आणि तिच्यावर सुरुवातीला एकाच वेळी ३६ संभाषणे होत. त्याच महासागराखाली १९८८ मध्ये टॅट-८ ही पहिली फायबर केबल आली. तिची क्षमता होती ४० हजार संभाषणे. आणि २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या मारेआ या केबलमध्ये फायबरच्या फक्त आठ जोड्या आहेत, तरी तिची मूळ क्षमता १६० टेराबिट प्रतिसेकंद धरलेली होती. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचपासून स्पेनमधल्या बिल्बाओजवळच्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ६६०० किलोमीटर.

काचेतून प्रकाश इतक्या लांब जाईल हे सुचले कोणाला?

काचेच्या धाग्यांच्या जुडग्यातून चित्र नेता येते हे पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंह कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये १९५४ साली दाखवून दिले. ते अंतर मात्र हातभर. त्या काळच्या काचेत घट किलोमीटरला हजार डीबीच्या घरात होती, म्हणजे वीस मीटर गेल्यावर एक टक्का प्रकाश उरायचा. संदेशवहनासाठी काच कुचकामी, असेच बहुतेकांचे मत होते.

इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की दोष काचेचा नसून काचेतल्या अशुद्धीचा आहे, विशेषतः लोहासारख्या धातूंच्या अंशांचा. घट किलोमीटरला २० डीबीपर्यंत खाली आणली तरी काम होईल, असे त्यांनी मांडले. चार वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्झ यांनी १७ डीबीचे फायबर बनवले. आज ती घट ०.२ आहे. काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. सगळे जण पदार्थच टाकाऊ ठरवत असताना नेमके कशामुळे अडले आहे हे शोधत बसणे, त्यासाठी फार मोठी चिकाटी लागते.

ढगांचा गडगडाट झाला की पूर्वी मोडेम जळायचे. फायबरमध्ये तसे होते का?

काच वीज वाहून नेत नाही. जवळपास कुठे वीज पडली तर तांब्याच्या लांब तारेत क्षणभर मोठा दाब तयार होतो आणि तो थेट मोडेममध्ये, कधी संगणकातही शिरतो. फायबरमधून असा दाब येण्याची वाटच नाही. दोन इमारतींमध्ये लॅन केबल टाकली असेल आणि त्यांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल, तर त्या केबलमधून नको तो प्रवाह वाहू लागतो आणि पोर्ट एकामागून एक जातात. म्हणून इमारतीतून इमारतीत जाणारी प्रत्येक केबल फायबरचीच असावी, अंतर तीस मीटर असले तरी. यात आम्ही कधी तडजोड सुचवत नाही.

फक्त एक काळजी घ्या. खांबावरून घरात येणाऱ्या पातळ केबलला ताण सोसण्यासाठी बऱ्याचदा पोलादी तार जोडलेली असते, आणि पोलाद वीज वाहून नेते. घरात शिरण्याआधी ती तार वेगळी काढून बाहेरच अडकवायला हवी. आणि राउटरचा अडॅप्टर विजेच्या प्लगमध्येच असतो, त्या बाजूने धोका कायम आहे.

मोटर, लिफ्ट, वेल्डिंग, ट्यूबलाइटचे चोक यांचा त्रासही फायबरला नाही. कारखान्यात किंवा वीज उपकेंद्रात उच्च दाबाच्या केबलशेजारून फायबर नेले तरी डेटावर ओरखडा उठत नाही.

एकाच फायबरवर शेजारची तीस घरे असतात म्हणे. मग वेग वाटला जात नाही का?

वाटला जातो. घरगुती फायबरच्या जीपॉन पद्धतीत एक्स्चेंजकडून निघालेला एक धागा स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ वाटांत विभागतात. उतरण्याची, म्हणजे डाउनलोडची, एकूण क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस, चढण्याची, म्हणजे अपलोडची, सुमारे १.२५. सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण वेगाने डाउनलोड केले तर प्रत्येकाला कमी मिळेल. प्रत्यक्षात घरगुती वापर क्षणाक्षणाने येतो-जातो, त्यामुळे चांगल्या नियोजनाच्या जाळ्यात हे फारसे जाणवत नाही. रोज रात्री ठरावीक वेळेला वेग पडत असेल, तर बहुतेक वेळा कंपनीची पुढची क्षमता अपुरी असते, फायबर नव्हे.

स्प्लिटर ही पेटी छोटी असते आणि तिला वीज लागत नाही. प्रकाश काचेतच विभागला जातो. बत्तीस वाटांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे १७ डीबी खर्च होतात आणि वीस किलोमीटर फायबरमध्ये आणखी सात. जोड धरूनही हे २८ डीबीच्या मर्यादेत बसते.

कंपनी म्हणते फायबर, पण घरात आलेली वायर तांब्याची आहे. हे कसे?

मग फायबर तुमच्या गल्लीतल्या किंवा इमारतीतल्या पेटीपर्यंत आले आहे, तुमच्यापर्यंत नाही. शेवटचा टप्पा टेलिफोनच्या जोडीवर किंवा लॅन केबलवर असतो. लॅन केबल असेल आणि पेटी त्याच इमारतीत असेल तर व्यवहारात फरक पडत नाही. टेलिफोनची जोडी असेल तर पेटीपासूनच्या अंतरावर सगळे अवलंबून. कनेक्शन घेताना एकच विचारा: ओएनटी माझ्या घरात बसणार का? ओएनटी म्हणजे प्रकाशाचा विद्युत संकेत करणारे उपकरण. ते घरात बसत असेल तर फायबर घरात आले.

३०० एमबीपीएस घेतले, मोबाइलवर ४० येतात. फायबर खराब आहे?

बहुधा नाही. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून तपासा. तिथे पूर्ण वेग आला तर अडचण वायफायची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा शेजाऱ्यांच्या राउटरने भरलेला असतो आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर ठेवा. तो टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवलेला असेल तर वेग मिळेल अशी अपेक्षाच करू नका.

काच आहे, मग तुटत नाही?

सरळ ओढीला काचेचा धागा आश्चर्य वाटावे इतका चिवट असतो. त्याला नको असते ते तीव्र वळण. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वाकवले की प्रकाश गाभ्यातून वेष्टनात आणि तिथून बाहेर निसटतो. फायबर तुटलेले नसते, पण डेटा जात नाही. लांब तरंगलांबीचा प्रकाश आधी निसटतो, त्यामुळे १३१० नॅनोमीटरवर ठीक दिसणारी लाइन १५५० वर रडते.

जी.६५२ या नेहमीच्या फायबरची वळणातली घट ३० मिलिमीटर त्रिज्येला मोजतात. घरात वापरायचे जी.६५७ए२ फायबर ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळण सोसते. म्हणून घरातले काम याच फायबरने करून घ्या. दाराच्या फटीत चेमटणे, खिळ्याने घट्ट ठोकणे, उरलेली केबल मुठीएवढी गुंडाळून राउटरमागे कोंबणे, बिघाडांची मुळे इथे सापडतात. बाहेर उंदीर, खारी आणि खोदकामाची यंत्रे हे शत्रू, आणि ते तांब्यालाही सोडत नाहीत. तांब्याला आणखी एक शत्रू आहे तो चोर. भंगारात तांब्याला भाव येतो, काचेला कोणी विचारत नाही.

तुटलेले फायबर जोडता येते?

येते, आणि ते काम जवळून पाहण्यासारखे आहे. आधी जॅकेट सोलतात, मग स्ट्रिपरने धाग्यावरचा प्लास्टिकचा लेप काढतात. उघडी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसतात. स्वच्छ झाली की पुसताना ती किंचित करकरते. मग क्लीव्हरमध्ये ठेवून तिच्यावर बारीक चरा पाडतात आणि काटकोनात तोडतात. सगळे यश या तोडीवर. तोड एखाद्या अंशाने तिरकी गेली तरी जोड वाईट होतो.

दोन्ही टोके स्प्लाइसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवली की पडद्यावर दोन जाड पट्टे दिसू लागतात. मशीन स्वतःच गाभ्याला गाभा जुळवते आणि विजेच्या ठिणगीने दोन्ही काचा वितळवून एक करते. काही सेकंदांचे काम. नंतर पडद्यावर अंदाजे घट येते, ०.०२ किंवा ०.०३ डीबी. ०.१ च्या वर आली तर कापून पुन्हा करायचे. पाऊस, वारा, धूळ असली तरी या कामात घाई चालत नाही, आणि जोडणारा माणूस तिसऱ्यांदा कापत असेल तर तो वेळ घालवत नाही, तुमचे पुढच्या अनेक वर्षांचे काम करतो आहे. शेवटी जोडावर नळी सरकवून ती उष्णतेने आकसवतात.

मान्य करावे लागेल की तांब्याची तार कोणीही पक्कड घेऊन जोडू शकतो. फायबरला यंत्र आणि प्रशिक्षित हात लागतो.

लाल दिवा नाही, तरी नेट सारखे तुटते. काय पाहावे?

ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर प्राप्त प्रकाशशक्ती दिसते, एकक डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत किती डीबी), आकडा ऋण. जीपॉनमध्ये ओएनटीला उणे ८ ते उणे २७ या दरम्यान प्रकाश लागतो. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २६ किंवा २७ असेल तर लाइन कड्यावर उभी आहे. दोन-तीन महिन्यांत आकडा उणे १९ वरून उणे २४ वर आला असेल तर कुठेतरी जोड बिघडतो आहे किंवा केबल चेमटली आहे. हा आकडा कनेक्शन मिळाल्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार करताना 'नेट स्लो आहे' यापेक्षा 'शक्ती पाच डीबीने पडली आहे' हे वाक्य खूप लवकर काम करते.

सर्वांत जास्त वेळा कारण निघते ते कनेक्टरच्या टोकावरची घाण. गाभा ९ मायक्रॉनचा, त्यावर धुळीचा एक कण किंवा बोटाचा ठसा पुरतो. टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका, कारण श्वासातली वाफ तिथे जमते. साफ करायला खास पेन किंवा कोरडे कापड असते. दुसरे कारण रंगांची गल्लत. हिरव्या कनेक्टरचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे नाही. हिरवा निळ्यात बसतो, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा.

वीज गेली की फायबरचा फोन बंद का पडतो?

जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजकडून त्याच तारेवरून ४८ व्होल्ट मिळत. घरात अंधार असला तरी फोन चालायचा. काचेतून वीज पाठवता येत नाही, ओएनटीला घरची वीज लागते. फायबरचा हा खरा तोटा आहे. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर ओएनटी आणि राउटरसाठी छोटा यूपीएस घेतलाच पाहिजे.

फायबरवरचे बोलणे कोणी चोरून ऐकू शकते?

तांब्याच्या तारेभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असते, तार न कापताही ते टिपता येते. फायबरमधून बाहेर काही पडत नाही. पण फायबर वाकवून थोडा प्रकाश बाहेर काढता येतो, म्हणून ते अभेद्य आहे असे कोणी सांगितले तर मानू नका. असे करताना घट वाढते आणि लक्ष ठेवणाऱ्याला ती दिसू शकते, हा फरक. शिवाय जीपॉनमध्ये उतरणारा डेटा स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांपर्यंत पोहोचतो आणि म्हणून त्यात कूटबद्ध करण्याची सोय आहे. बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात ते मुख्यतः कूटबद्धतेमुळे.

तांबे कुठे सरस आहे?

जिथे डेटाबरोबर वीजही न्यायची आहे तिथे. लॅन केबलवरून कॅमेरा, वायफायचा ॲक्सेस पॉइंट, टेबलावरचा फोन यांना वीज देता येते. २००३ च्या मानकात पोर्टमागे १५.४ वॅट होते, २००९ मध्ये ३० आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत मजल गेली. छतावरच्या प्रत्येक कॅमेऱ्याला फायबर नेऊन शिवाय विजेचा पॉइंट काढणे हा शहाणपणा नाही.

एकाच खोलीत, एकाच रॅकमध्ये, दोन-तीन मीटरवर तांबेच स्वस्त, दणकट आणि सोपे. बहुतेक डेस्कटॉप संगणकांना लॅनचा पोर्ट असतो, फायबरसाठी वेगळे मॉड्यूल घ्यावे लागते. लांब अंतर फायबरने, शेवटचे काही मीटर तांब्याने, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी योग्य ठरते.

लॅन केबल घेताना काय तपासावे?

तार शुद्ध तांब्याची आहे ना, एवढे आधी पाहा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या केबली कॅट ६ म्हणून विकतात. तार चाकूने खरवडा. आत चंदेरी रंग दिसला तर परत करा. अशा केबलचा रोध जास्त, ती वाकवली की तुटते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज दिली तर गरम होते. खोके उचलूनही अंदाज येतो, कारण ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा बरेच हलके.

सिंगल-मोड की मल्टिमोड?

सिंगल-मोड म्हणजे वर सांगितलेले ९ मायक्रॉन गाभ्याचे, लांब अंतराचे फायबर. मल्टिमोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा. प्रकाश त्यात अनेक वाटांनी जातो, काही किरण आधी पोहोचतात, काही नंतर, आणि संकेत पसरतो. म्हणून ओएम३ या मल्टिमोड प्रकारावर १० जीबीपीएस ३०० मीटरच जाते. जुन्या ओएम१ वर तर ३३ मीटर. सिंगल-मोडवर साध्या मॉड्यूलनेच १० किलोमीटर. पूर्वी सिंगल-मोडची मॉड्यूल फार महाग होती म्हणून इमारतींत मल्टिमोड टाकत. आता तो फरक खूप आटला आहे. नवीन काम असेल तर पिवळ्या जॅकेटचे सिंगल-मोडच टाका.

फायबरच्या टोकात पाहिले तर डोळ्याला इजा होते?

त्यातला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, आणि म्हणूनच टोकात डोकावायचे नाही. काही दिसत नाही म्हणजे लाइन बंद आहे असे नव्हे. तपासणीसाठी लाल प्रकाश सोडतात तो दिसतो, त्याच्याकडेही रोखून पाहू नये. काचेचे तुटलेले तुकडे याहून त्रासदायक. ते कातडीत शिरले की सापडत नाहीत. घरात काम झाल्यावर तुकडे चिकटपट्टीने उचलून बंद डबीत टाकायला सांगा, विशेषतः लहान मुले रांगत असतील तर.

आज टाकलेले फायबर किती वर्षे चालेल?

चांगले टाकलेले फायबर २५ वर्षे आणि त्याहून जास्त चालेल असे धरूनच बनवतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेग वाढवायला काच बदलावी लागत नाही. जीपॉन असलेल्या त्याच धाग्यावर एक्सजीएस-पॉन ही नवी पद्धत बसते, उतरताना आणि चढताना १० जीबीपीएस. त्याच्या तरंगलांब्या वेगळ्या असल्याने जुनी आणि नवी घरे एकाच फायबरवर शेजारी शेजारी चालतात. तांब्यात प्रत्येक मोठ्या उडीला भिंती पुन्हा उकरल्या. फायबरमध्ये टोकांची उपकरणे बदलायची, बस.

नवीन इमारत बांधतो आहे. वायरिंग कसे करू?

मजल्यामजल्यांमध्ये आणि गेटपर्यंत सिंगल-मोड फायबर, लागतील त्याच्या दुप्पट धागे. खर्च खोदण्याचा आणि मजुरीचा असतो, जादा धाग्यांचा फार थोडा. घरात खोल्यांपर्यंत शुद्ध तांब्याची कॅट ६ए. टीव्हीमागे, कामाच्या टेबलाजवळ आणि छताच्या मध्यावर एकेक पॉइंट. विजेच्या तारांपासून लॅनचे पाइप वेगळे ठेवा. फायबरच्या पाइपमध्ये काटकोनी कोपरा देऊ नका, मोठ्या त्रिज्येचा बाक वापरा. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक पाइपमधून एक दोरी ओढून ठेवा आणि भिंतींचे फोटो काढा. वायरिंग झाले की प्रत्येक धाग्याची तपासणी करून मिळालेले डीबीचे आकडे कंत्राटदाराकडून लेखी घ्या आणि त्यानंतरच शेवटचा हप्ता द्या.